दोन बोटं मान

अन्याय माझ्या मावशीवर झाला. कधी झाला तेही आधीच सांगते, कारण वेळ आणि जागा नसलेलं पत्रक म्हणजे नुसतं गाऱ्हाणं, असं मला शिकवलेलं आहे. गेल्या वर्षी, अक्षय्य तृतीयेनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेअकरा वाजता, आमच्या गावच्या शेतकरी कंपनीच्या पत्र्याच्या हॉलमध्ये, टांझानियाला जाणाऱ्या तीन माणसांच्या यादीतलं तिसरं नाव कंपनीच्या अध्यक्षांनी निळ्या पेनानं खोडलं आणि त्याच्या वर स्वतःच्या पुतण्याचं नाव लिहिलं. वेळ मी मनानं सांगत नाही, इतिवृत्ताच्या वहीत लिहिलेली आहे. खोडलेलं नाव मावशीचं होतं. ती त्या वेळी हॉलपासून पन्नास पावलांवर, कंपनीच्याच कांदाचाळीत बसून कांदा निवडत होती. तिला कुणी हाक मारली नाही.

आणि मी कोल्हारला होते, मावशीच्या पासपोर्टची झेरॉक्स काढत.

परत आले तेव्हा अध्यक्ष चहा पीत बसले होते. मी झेरॉक्स पुढे ठेवली. त्यांनी ती उलटी केली आणि तिच्यावर कप ठेवला.

"आता हिचं काम न्हाई," ते म्हणाले. "तिसरं नाव बदललं."

"का?"

"अगं, तिचं सांगायचं ते सांगून झालंय की. तूच तर इंग्रजीत सांगितलंस पाहुण्यांना. मान ठेवा म्हणाली. आता मान ठेवायला एवढी बाई विमानात बसवून न्यायची का? आमचा पुतण्या ठेवील मान."

हॉलमधले दोघे-तिघे हसले. मी हसले नाही. मला धक्का बसला तो नाव खोडल्याचा. त्यांच्या बोलण्यात दुसरं काही खुपलं नाही. ते खुपायला हवं होतं.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा मी तिसरीत होते, त्यानंतर मला वाढवलं ते मावशीनं. कांदा उपटणं, कापणं, निवडणं, चाळीत भरणं हे तिचं काम. बारा-चौदा बायांची टोळी तिच्या शब्दावर चालते आणि प्रवरेच्या दोन्ही काठांवरचे बागायतदार तिला आठ-आठ दिवस आधी निरोप धाडतात. माझ्या हातात मात्र तिनं कधी विळा दिला नाही. "तुझ्या बोटाला पेनाचा घट्टा पडू दे," म्हणायची. "इळ्याचा माझ्या हाताला हाय तेवढा बास." म्हणून मी शाळेत गेले, मग नगरला कॉलेजात, मग पुण्याला हॉस्टेलवर. तिथे मोर्चे, तिथे पत्रकं. अर्ध्या पानात राग कसा बसवायचा, शीर्षक एसटीच्या खिडकीतूनही वाचता येईल असं कसं करायचं, हे सगळं शिकले. कांदा कसा कापायचा हे शिकले नाही. माझ्या हातून पुढे जे झालं ते या एका न शिकलेल्या गोष्टीमुळे.

आता पाहुण्यांचं सांगते.

गेल्या वर्षी चैत्रात, उन्हाळी कांद्याचा हंगाम भरात असताना, दोन कंपन्यांची दोन माणसं आमच्या गावात आली. एक टांझानियातल्या कांद्याच्या कंपनीच्या बाई, चाळिशीच्या, उंच, मोकळ्या आवाजाच्या. दुसरे व्हिएतनाममधल्या कंपनीचे इंजिनियर, बारीक, अबोल, खिशात कायम मोजायची टेप. टांझानियात कांदा भरपूर होतो, पण टिकवून ठेवायची सोय नाही. निघाला की पोत्यात भरायचा आणि मिळेल त्या भावाला घालवायचा. व्हिएतनामची कंपनी बांबूचे आणि लोखंडी नळ्यांचे सुटे सांगाडे बनवते, चार माणसांनी नट आवळून दिवसाभरात उभे करावेत असे. दोघांनी भागीदारी केली होती. कांदा यांचा, सांगाडा त्यांचा, गुंतवणूक दोघांची. अडलं होतं एकाच ठिकाणी: काढलेला कांदा पाच-पाच महिने जगवायचा कसा, हे दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. ते आमच्याकडे होतं. म्हणून ती दोघं शिर्डीच्या विमानतळावर उतरून, नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे खात, आमच्या चाळी बघायला आली. अध्यक्षांचा इंग्रजी बोलणारा पुतण्या तेव्हा कुणाच्या तरी लग्नाला गेला होता, म्हणून दुभाषी म्हणून मला बोलावणं आलं.

मी गेले ती मनात पत्रक घेऊनच गेले. शीर्षकही ठरलं होतं: 'आमच्या चाळी, त्यांचे डाव'. परदेशी भांडवल आलंय, आमचं ज्ञान फुकटात लुटणार, जमिनी हडपणार. मला सगळं आधीच माहीत होतं.

गाडीतून उतरल्यावर टांझानियाच्या बाई अध्यक्षांच्या हारतुऱ्यासाठी थांबल्याच नाहीत. सरळ वाफ्यात गेल्या, मावशीचे मातीनं भरलेले दोन्ही हात हातात घेतले, मान खाली घातली आणि म्हणाल्या, "मामा, शिकामो."

मी अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, आमच्याकडे वयानं मोठ्या बाईला मामा म्हणतात, आणि शिकामो म्हणजे तुमचे पाय धरते.

मी ते मावशीला सांगितलं. "यांच्यातबी पाया पडत्यात व्हय," ती म्हणाली, आणि लगेच हात सोडवून त्यांच्या डोक्यावर ठेवला. मागून टोळीतली एकजण ओरडली, "घ्या मुकादमीण, बाईच्या मामा झालात. आता पोरीच्या लगनात मामाचा मान तुमालाच." सगळ्या बाया विळे खाली टाकून हसायला लागल्या. पाहुण्या बाईंना काही कळलं नाही तरी त्यासुद्धा हसल्या. मला हसू येत नव्हतं. माझं पत्रक डगमगत होतं.

दुपारी चहाला मावशीनं दोघांना घरी नेलं. अध्यक्षांच्या बंगल्यावर पुरणाचा बेत होता, तो अर्धा तास थांबला, आणि ते अध्यक्षांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आमच्या भिंतीवर दोन फोटो आहेत. व्हिएतनामच्या इंजिनियरांनी उंबऱ्यातूनच पहिला बघितला, चपला काढल्या आणि बुद्धाला हात जोडले. आल्यापासून प्रथमच ते आपणहून काही बोलले. शेजारचे, कोट आणि चष्मा घातलेले गृहस्थ कोण, असं त्यांनी विचारलं. मी आठवीच्या पुस्तकासारखं काही सांगायला लागले होते. मावशी चुलीपासूनच म्हणाली, "त्यानला सांग, यांनी आमची त्यांच्याशी गाठ घालून दिली."

ते मी नीट सांगितलं. त्या दिवशी मी नीट सांगितलेल्या गोष्टींपैकी ती एक.

चहा पिताना मावशीनं मला विचारलं, ही भागीदारी म्हंजे नक्की काय असतं. मी भांडवल, नफा वगैरे सुरू केलं. तिनं हातानंच थांबवलं. "म्हंजे सावड. एकाचा बैल, दुसऱ्याचा बैल, आन् औत दोघांच्याबी रानात. मग यांच्यात आपलं काय?"

"तुझा हात," मी म्हणाले.

"मग हात लावायला जावं लागंल," ती म्हणाली. साधं म्हणाली, चुलीतलं लाकूड मागं सारता सारता. ती मनापासून जायचं म्हणते आहे, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कंपनीच्या चाळीत उभे होतो. इंजिनियर फळ्यांमधल्या फटी मोजत होते, तळाशी वारा कुठून शिरतो ते वाकून बघत होते. मावशी किटलीतून कपांत चहा ओतत होती. टांझानियाच्या बाईंनी वही उघडली आणि म्हणाल्या, "मामा, एकच गोष्ट सांगा. सगळ्यांत महत्त्वाची."

मावशीनं वर बघितलंही नाही. "मान ठेवा," ती म्हणाली. "मान ठिवाल तर कांदा टिकंल. न्हाई ठिवाल तर कसलीबी चाळ बांधा, सडनारच."

सात वर्षं मी पत्रकं लिहीत होते, आणि असं वाक्य मला एकदाही सुचलं नव्हतं. मी इंग्रजीत सांगितलं: सन्मान. ती म्हणते, जिथे सन्मान राखला जातो तिथे कांदा टिकतो. जिथे राखला जात नाही, तिथे कसलंही गोदाम बांधा, तो सडेल.

मग दोघांनी ते लिहून घेतलं. अध्यक्षांनी ते इतिवृत्ताच्या वहीत नोंदवायला सांगितलं, तेही मीच लिहून दिलं, माझ्या अक्षरात.

पुढच्या आठवड्यात मी शेतमजूर बायांसाठी पत्रक काढलं. शीर्षक: 'मान ठेवा, कांदा टिकेल'. मावशीला वाचून दाखवलं. ती खूश झाली. "माझंच बोलनं छापलंस की," म्हणाली. मग कागद उलटसुलट करून म्हणाली, "पन एखादं कांद्याचं चित्र काढायचं हुतंस. नव्या बायांना समजलं असतं."

मला वाटलं, हिला चित्रं आवडतात.

यादी ठरली. चाळ बांधणारे मिस्त्री, कंपनीचे व्यवस्थापक आणि मावशी. टांझानियातला कांदा श्रावण-भाद्रपदात निघतो; त्याआधी तिघांनी जायचं, हंगामभर राहायचं, तिथल्या बायांना शिकवायचं. मावशीचा पासपोर्ट काढला. जन्मतारीख एक जून, जशी तिच्या वयाच्या निम्म्या गावाची आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. फोटोवाला म्हणाला, पदर मागे घ्या, दोन्ही कान दिसले पाहिजेत. मावशी म्हणाली, "निवडायला बसलास का मला? समदीकडनं बघतोय." तिनं पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले आणि रोज संध्याकाळी अंगणात या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत ते घालून चालायची. पायांना सवय नको का, म्हणायची.

मग तो मंगळवार.

घरी येऊन मी तिला सांगितलं. ती कणीक मळत होती. मळायची थांबली नाही. गोळा उलटवून म्हणाली, "ह्या पासपोर्टाला मुदत किती असती?"

"दहा वर्षं."

"मग बघू."

दुसऱ्या दिवशी ती ते पांढरे बूट घालून चाळीवर गेली. घेतलेत तर झिजू देत, म्हणाली. बायांनी चिडवलं, मामा आफ्रिकेतनं आले वाटतं. तीही हसली. पण मी तिला चाळीच्या दारापाशी बूट काढून त्यांवरची धूळ पुसताना बघितलं, आणि माझं डोकं फिरलं.

डोकं फिरलं की मी पत्रक काढते. 'परदेशी भांडवलाला कष्टकरी बाई नको'. अध्यक्षांनी नाव खोडलं हे मला दिसत होतं, पण खोडायला लावलं ते पाहुण्यांनीच, याची मला खात्री होती. कुणाला विचारायची गरज वाटली नाही. आठवडी बाजारात उभी राहून वाटली मी ती, प्रत्येकाच्या हातात देऊन.

आषाढाच्या शेवटी व्यवस्थापक, मिस्त्री आणि पुतण्या गेले. ते पोचले त्याच दिवशी टांझानियाच्या बाईंचा मला मोबाईलवर मेसेज आला. मामाची तब्येत कशी आहे? आता बरं आहे का?

मी तो चार वेळा वाचला. कसली तब्येत?

विचारलं तेव्हा कळलं. त्यांना सांगितलं होतं की मामा आजारी आहे, तिनं आपणहून माघार घेतली. मी लिहिलं, मामाला काहीही झालेलं नाही, ती आत्ता कांदा निवडते आहे. एक दिवस उत्तर नाही. मग आलं: मी दोनदा विचारलं होतं. पण माणसं कोण पाठवायची ते तुमच्या कंपनीनं ठरवायचं, असं करारात आहे. मी बदलू शकत नाही.

म्हणजे बाजारात वाटलेलं माझं पत्रक साफ खोटं होतं. ज्यांच्याविरुद्ध मी शीर्षक ठोकलं, त्यांनी मावशीची दोनदा चौकशी केली होती. आणि ज्यांच्या हॉलमध्ये मी लहानपणापासून झेंडावंदनाला गेले, त्यांनी एका वाक्यात तिला आजारी पाडलं. मला हे पचायला फार दिवस लागले. परक्यांबद्दल माझ्याकडे शंभर घोषणा तयार होत्या. आपल्या माणसाबद्दल एकही नव्हती.

कार्तिकात फोटो आले. नवे कोरे सांगाडे, बांबू सरळ, फटी बरोबर मोजून ठेवलेल्या, वारा खेळता. आणि आत काळा, पाणी सुटलेला कांदा. थरच्या थर. एका फोटोत तिथल्या तीन बाया त्यापुढे उभ्या होत्या, हात लोंबते. मावशीनं तो फोटो मोठा करून करून बघितला. कांदा चौकटीबाहेर गेला होता. ती बायांकडेच बघत होती.

त्यानंतर अध्यक्षांनी दोन्ही कंपन्यांना पत्र पाठवलं. त्याची प्रत वहीत चिकटवलेली मी वाचली. आमच्या एका मजूर बाईनं दिलेल्या अपुऱ्या सल्ल्यामुळे हे नुकसान झालं, असं त्यात आहे. तिला नेलं नाही, आणि दोष मात्र तिचा. मला वाटलं, यापेक्षा मोठा धक्का आता बसायचा नाही.

तो फाल्गुनात बसला, आणि माझाच मला बसला.

होळीनंतर टांझानियाच्या बाई पुन्हा आल्या, या वेळी एकट्या. कुणाला न कळवता सकाळी थेट रानात. मावशीची टोळी कापणीला बसली होती. बाई तिच्याशेजारी मातीतच बसल्या, बराच वेळ नुसत्या हातांकडे बघत राहिल्या. मग एक कापलेला कांदा उचलून मला म्हणाल्या, "मामाला विचारा, हा वर शेपटासारखा तुकडा का ठेवला आहे? आमच्याकडे बाकी दोघं सांगाड्यांपाशी होते, आणि अध्यक्षांच्या पुतण्यानं सगळं सपाट कापायला सांगितलं. बाजारात गोल दिसतो, म्हणाला."

मी विचारलं.

मावशीनं माझ्याकडे असं बघितलं जसं मी तिला पाणी म्हणजे काय ते विचारलं. "मान हाय ती," ती म्हणाली. "दोन बोटं मान ठिवायची, ती सुकून मिटती, म्हंजे आत वारं-पानी जात न्हाई. मुंडकं सपाट उडावलं तर उघड्या जखमंवानी सडत जातो. मी पैल्याच दिवशी सांगितलं हुतं की. तूच सांगितलंस ना यानला."



मान. कांद्याची मान. पातीखालची, बोटांत धरायची, दोन बोटं राखून कापायची मान. टोळीतली प्रत्येक बाई दिवसातून शंभर वेळा तो शब्द बोलते. मी ज्या घरात वाढले त्या घरात तो रोज बोलला गेला असणार. पण माझ्या हातात कुणी विळा दिला नव्हता आणि माझ्या डोक्यात पत्रक होतं, म्हणून मला मान म्हणजे एकच गोष्ट ऐकू आली. अध्यक्ष हॉलमध्ये हसत म्हणाले होते ना, तूच तर इंग्रजीत सांगितलंस. त्यांनी पळवाट काढली, पण वाट मी पाडून दिली होती. सन्मान कुणीही ठेवू शकतो. त्याला मावशी कशाला लागते?

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी काहीतरी गोलमाल बोलू शकले असते. त्यांना मराठी येत नाही, मावशीला इंग्रजी येत नाही, मधे फक्त मी. तो एक क्षण मला आठवतो, आणि त्यात मोह होता हेही आठवतं. मग मी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला आणि सांगितलं: ही. ती ही म्हणाली होती. सन्मान नव्हे. चूक माझी आहे.

"शिंगो," बाई पुटपुटल्या. त्यांच्या भाषेत गळ्याला, मानेला शिंगो म्हणतात. त्यांनी पर्समधून तीच जुनी वही काढली, पान शोधलं आणि माझ्यापुढे धरलं. तिथे त्यांच्या भाषेत एकच शब्द होता, दोनदा खाली रेघ मारलेला. हेशिमा. सन्मान. "आम्ही हे गोदामाच्या दारावर लिहिलं," त्या म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात. आत कांदा सडत होता आणि दारावर हे."

मी मावशीला सगळं सांगितलं. माझं भाषांतर, दारावरची पाटी, सगळं. ती आधी इतकी हसली की तिनं डोळ्यांना पदर लावला. बाया जमल्या, त्यांनाही तिनंच सांगितलं. "आमच्या पोरीनं कांद्याचा सत्कार केला," एकजण म्हणाली. "शाल न्हाई दिली का त्याला?" दुसरी म्हणाली. मी खाली बघत बसले.

मग मावशी हसायची थांबली. विळा हातात तसाच होता.

"म्हंजे मी त्यानला काईच शिकवलं न्हाई," ती म्हणाली. "आन् त्या तिघींचा कांदा गेला." आणि मला म्हणाली, "विचार त्यानला, पुढचा कांदा कधी निघतोय."

तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

मग तिनं बाईंच्या हातात आपला विळा दिला. बाईंनी पहिला कांदा कापला, तो सपाट. मावशीनं त्यांच्या बोटांवर आपली बोटं ठेवली. "शिंगो," मावशी म्हणाली, तेवढ्यात तिनं शब्द उचलला होता. "दोन बोटं शिंगो." माझी तिथे काही गरज उरली नाही.

बाईंनी त्याच संध्याकाळी व्हिएतनामला फोन केला. तिथले इंजिनियर म्हणाले, सांगाडे तसेच उभे आहेत, पुढचा हंगाम करू, पण मामा हवी. दोन्ही कंपन्यांचं पत्र आमच्या कंपनीला आलं. त्याची प्रत बाईंनी मलाही पाठवली, ती घेऊन मी अध्यक्षांकडे गेले. माझी चूकही त्यांना सांगितली, लेखी दिली, हेही वहीत चिकटवा, असं मीच म्हणाले.

त्यांनी वाचलं. रागावले नाहीत. "बरं झालं, सापडलं कारण," म्हणाले. "पन पोरी, यादीत नाव घालायचं तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो."

"खोडायला लागला नव्हता," मी म्हणाले.

"खोडायला लागत न्हाई," ते म्हणाले. "लिहायला लागतो."

हे ते मला खोचक म्हणून सांगत नव्हते. नियम समजावून सांगत होते, शांतपणे, चष्मा पुसत. त्यांच्या लेखी त्यात वावगं काहीच नव्हतं, आणि मला सगळ्यांत जास्त हादरा त्याचाच बसला. सभेत हात वर करायचा हक्क सभासदाचा. सभासद व्हायला सातबारा लागतो. मावशीच्या नावावर जमीन नाही. म्हणजे जिच्या हातावर ही दोन देशांची भागीदारी अडलेली आहे, तिला स्वतःसाठी हात वर करता येत नाही.

या लिखाणात मी कुणाचं नाव घातलेलं नाही. मावशीचंही नाही. मुद्दाम. तिचं नाव आधी त्या यादीत, खोडलेल्या जागी, पुन्हा लिहिलेलं मला बघायचं आहे. मग बाकी कुठेही छापू. पासपोर्ट पत्र्याच्या पेटीत आहे, त्यात एकही शिक्का नाही. बूट तळव्याला झिजलेत, तरी ते चालतील असं ती म्हणते. तिकडचा कांदा श्रावणात निघेल, आणि तो सपाट कापायचा की दोन बोटं राखून, हे तिथल्या बायांना अजून नीट कुणी दाखवलेलं नाही.

हे वाचणाऱ्यांत आमच्या कंपनीचे सभासद आहेत. तुमच्या चाळी गेली वीस वर्षं मावशीच्या टोळीनं भरल्यात. तुमचा कांदा दिवाळीपर्यंत टिकतो तो तिनं मान राखली म्हणून, माझ्या भाषांतरातला मान नव्हे, खरी मान. येत्या सर्वसाधारण सभेला या. घरात बसून 'तिच्याबाबतीत वाईट झालं' म्हणू नका, मला ते नको आहे. हॉलमध्ये या, यादी मागवून घ्या, तिसरी ओळ मोठ्यानं वाचायला लावा, आणि तिच्या नावासाठी हात वर करा. नाव वहीत लिहून होईपर्यंत खाली घेऊ नका.